'आढळले नाही' म्हणजे किती?

प्रयोगशाळेच्या अहवालात 'आढळले नाही' हे शब्द आपण नेहमी वाचतो. दुधात युरिया आढळला नाही, पाण्यात शिसे आढळले नाही, भाजीत कीटकनाशक आढळले नाही. वाचणारा त्याचा अर्थ 'नाहीच' असा घेतो. तपासणाऱ्याला मात्र एवढेच म्हणायचे असते, की माझ्या पद्धतीला दिसावे इतके ते नाही. या दोन अर्थांत जे अंतर आहे त्यावर अमेरिकेत एकदा तब्बल पंचवीस वर्षे वाद चालला. मांसासाठी पाळलेल्या जनावरांच्या खाद्यात १९५४ साली एक संप्रेरक मिसळले जाऊ लागले आणि १९७९ साली त्यावर कायमची बंदी आली. मधल्या काळात शास्त्रज्ञ, पशुपालक, कंपन्या, संसद आणि न्यायालय हे सारे एकाच प्रश्नाशी झगडत होते : अन्नात एखादा पदार्थ 'शून्य' असावा असे कायदा म्हणतो, तेव्हा ते शून्य मोजायचे कसे?

लंडनमधले स्वस्त संप्रेरक

कथेचा आरंभ लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये होतो. तेथील जीवरसायनशास्त्रज्ञ चार्ल्स डॉड्स हे स्त्रीसंप्रेरकासारखे काम करणारा कृत्रिम पदार्थ शोधत होते. नैसर्गिक इस्ट्रोजेन मिळवणे फार खर्चाचे होते आणि तोंडाने दिल्यास त्याचा परिणाम फारसा होत नसे. ऑक्सफर्डमधील रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या प्रयोगशाळेच्या सहकार्याने डॉड्स यांना १९३८ साली हवा तो पदार्थ मिळाला. त्याचे नाव डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल. हे नाव लांबलचक असल्याने सगळे त्याला डीईएस म्हणू लागले. आपणही तेच म्हणू.

रचनेच्या दृष्टीने डीईएस नैसर्गिक संप्रेरकाच्या कुळातले नाही. त्यात स्टेरॉइडची चार वलये नाहीत. तरीही रेणूची लांबी आणि दोन्ही टोकांचे हायड्रॉक्सिल गट असे जुळतात, की शरीरातील इस्ट्रोजेनग्राहक त्याला आपले समजतो. बनवायला सोपे, तोंडाने दिले तरी प्रभावी आणि पेटंट न घेतल्यामुळे कोणालाही बनवता येण्यासारखे, म्हणून ते झपाट्याने पसरले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९४१ साली औषध म्हणून त्याला परवानगी दिली. पुढे गर्भपात टळावा म्हणून ते गर्भवती स्त्रियांनाही देऊ लागले. या उपचाराचा उपयोग होत नाही, असे शिकागो विद्यापीठाने सुमारे १६०० स्त्रियांवर केलेल्या तुलनात्मक चाचणीत १९५३ सालीच दिसले होते. तरी औषध देणे चालूच राहिले.

आणखी एक गोष्ट सुरुवातीपासून माहीत होती. फ्रान्समधील अंत्वान लकासान्य यांनी हे संप्रेरक देऊन उंदरांच्या नरांमध्ये स्तनाचा कर्करोग झाल्याचे १९३८ सालीच नोंदवले होते. ही नोंद वीस वर्षांनी कायद्याच्या दृष्टीने मोलाची ठरणार होती.

आयोवातील दहा मिलिग्रॅम

अमेरिकेत मांसासाठी वाढवायचे गोऱ्हे लहानपणीच खच्ची करतात. त्यामुळे ते शांत राहतात आणि मांसात चरबी चांगली धरते. पण खच्चीकरणाबरोबर वाढीला मदत करणारी नैसर्गिक संप्रेरकेही जातात. परिणामी खाल्लेल्या मक्याचा बराच भाग स्नायूंऐवजी चरबीत जातो. संप्रेरकाची गोळी कातडीखाली बसवली तर जनावर लवकर वाढते, असे चाळीसच्या दशकात काही विद्यापीठांत दिसून आले होते. पण मात्रा जास्त झाल्याने जनावरांचे सड वाढणे, शेपटीचे मूळ वर उचलले जाणे असे दोष दिसत.

आयोवा स्टेट कॉलेजमधील पशुपोषणतज्ज्ञ वाइज बरोज यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी डीईएसची अत्यल्प मात्रा रोजच्या आंबोणात मिसळली. त्यांचे निष्कर्ष १९५४ साली 'सायन्स' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. दर जनावराला दिवसाला पाच ते दहा मिलिग्रॅम एवढे डीईएस दिल्यास वजन दहा-पंधरा टक्के अधिक वेगाने वाढत होते आणि एक किलो वजनवाढीसाठी लागणारे खाद्य सुमारे दहा टक्क्यांनी कमी होत होते. असे का होत असावे? डीईएसमुळे पोषग्रंथीतून वाढीचे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवते आणि खाद्यातील नायट्रोजन प्रथिनांच्या रूपाने स्नायूंत अधिक साठतो, असे पुढे दिसून आले.

वाचकांनी हिशेब करून पाहावा. दिवसाला दहा मिलिग्रॅम म्हणजे एक लाख जनावरांना एका दिवसाला फक्त एक किलो डीईएस पुरते. खर्च नगण्य आणि वाचणारा मका मात्र टनांनी मोजण्याइतका. अन्न व औषध प्रशासनाने त्याच वर्षाच्या अखेरीस परवानगी दिली. आयोवा स्टेटच्या पेटंटखाली एली लिली कंपनीने 'स्टिलबोसॉल' या नावाने ते बाजारात आणले आणि काही वर्षांतच देशातील बहुतेक पुष्टिगोठ्यांत त्याचा वापर होऊ लागला. अट एकच होती : कत्तलीपूर्वी ४८ तास ते बंद करावे, म्हणजे तेवढ्या वेळात शरीर ते बाहेर टाकील.

कोंबड्यांची मुंडकी आणि डेलानी कलम

या आधी १९४७ सालापासून कोंबड्यांच्या नरांना मानेत डीईएसची गोळी बसवण्याची परवानगी होती. त्यामुळे नर लठ्ठ आणि मऊ मांसाचे होत. कापलेली मुंडकी, कधी न विरघळलेल्या गोळीसकट, मिंक या प्राण्यांना खाद्य म्हणून जात. मिंक पाळणारे तक्रार करू लागले, की आमच्या माद्यांना पिले होत नाहीत. कोंबड्यांच्या यकृतात आणि चरबीत डीईएसचे अंश सापडले, तेव्हा १९५९ साली हा वापर थांबवण्यात आला.

दरम्यान १९५८ साली अन्नविषयक कायद्यात न्यूयॉर्कचे लोकप्रतिनिधी जेम्स डेलानी यांच्या आग्रहाने एक कलम घातले गेले. त्याचा आशय असा, की माणसाला किंवा प्राण्याला कर्करोग घडवणारा पदार्थ अन्नात मिसळण्यास कोणत्याही प्रमाणात परवानगी नाही. किती दिल्यावर, किती दिवसांनी, किती जणांना, असे प्रश्न या कलमाने विचारलेच नाहीत. कर्करोगाला कारण होणाऱ्या पदार्थाची 'सुरक्षित मात्रा' ठरवण्याचे साधन तेव्हा शास्त्रज्ञांकडे नव्हते, म्हणून शून्य हाच प्रामाणिक आकडा वाटत होता.

डीईएस या कलमात सरळ सापडत होते. मात्र १९५८ पूर्वी परवानगी मिळालेल्यांना ते लागू नव्हते. म्हणजे जुन्या उत्पादकांना मुभा आणि नव्यांना मनाई. हा अन्याय दूर करण्यासाठी १९६२ साली एक पोटकलम जोडले गेले : जनावराला अपाय होत नसेल आणि मान्यताप्राप्त पद्धतीने तपासल्यावर खाण्यायोग्य भागात अंश आढळत नसेल, तर असा पदार्थ खाद्यात चालेल.

या वाक्यातील 'मान्यताप्राप्त पद्धतीने' हे शब्द नीट लक्षात घ्यावेत. संसदेने शून्य कायम ठेवले आणि ते पाहण्याचे साधनही नेमून दिले. त्यामुळे शून्याचा अर्थ त्या साधनाच्या क्षमतेशी बांधला गेला.

उंदराच्या गर्भाशयाची तराजू

त्या काळची मान्य पद्धत जैविक होती. तपासायचे मांस किंवा यकृत वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना काही दिवस खाऊ घालायचे. त्यात इस्ट्रोजेनसारखे काही असेल, तर माद्यांचे गर्भाशय वाढते. ते काढून त्याचे वजन करायचे आणि साधे मांस खाल्लेल्या माद्यांशी ताडून पाहायचे. पद्धत हुशारीची होती. शंभर कोटी भागांत सुमारे दोन भाग एवढे डीईएस तिला ओळखता येई.

शंभर कोटीत दोन म्हणजे जवळजवळ काहीच नाही, असे कोणालाही वाटेल. पण या प्रमाणाने शंभर ग्रॅम यकृतात ०.२ मायक्रोग्रॅम डीईएस असते. डीईएसचा रेणुभार सुमारे २६८ आहे. ॲव्होगाड्रो अंक वापरून अकरावीचा विद्यार्थीही सांगेल, की एवढ्याशा वस्तुमानात सुमारे ४५० लाख कोटी रेणू असतात. त्याच्या निम्मे, म्हणजे २२५ लाख कोटी रेणू असलेले यकृत उंदराच्या चाचणीत 'आढळले नाही' म्हणून पुढे जात असे, आणि कायद्याच्या दृष्टीने ते शून्य होते.

बॉस्टनच्या आठ मुली

१९७१ साली दोन घटना घडल्या. बॉस्टन येथील आर्थर हर्बस्ट, हॉवर्ड उलफेल्डर आणि डेव्हिड पॉस्कँझर या डॉक्टरांनी एप्रिलमध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तरुण मुलींमध्ये योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग त्यांना दिसला होता. असा रोग तोपर्यंत बहुधा उतारवयातील स्त्रियांतच आढळे. कारण सापडेना. त्यातल्या एका मुलीच्या आईनेच डॉक्टरांना विचारले, की गरोदरपणी मी डीईएस घेतले होते, त्याचा तर हा परिणाम नसेल? डॉक्टरांनी मग पद्धतशीर चौकशी केली. आठ रुग्ण मुली आणि त्यांच्याशी तुलना करण्यासाठी निरोगी बत्तीस मुली घेतल्या. आठांपैकी सात मुलींच्या मातांनी गरोदरपणी डीईएस घेतले होते. बत्तीसपैकी एकीनेही नाही.

आकडे इतके लहान आणि तरीही निष्कर्ष इतका स्पष्ट असे रोगपरिस्थितिविज्ञानात क्वचितच घडते. औषध गर्भावर काम करून गेले होते आणि त्याचे फळ पंधरा-वीस वर्षांनी मुलीच्या शरीरात दिसत होते. पुढील अभ्यासांत हा कर्करोग होण्याची शक्यता अशा हजार मुलींत सुमारे एकीला, अशी ठरली. शिवाय अनेकींना गर्भधारणेत अडचणी आल्या. अन्न व औषध प्रशासनाने त्याच वर्षी गर्भवतींना डीईएस देऊ नये, असा इशारा दिला.

दुसरी घटना कत्तलखान्यांतली. तपासलेल्या काही यकृतांत डीईएसचे अंश सापडले. पशुपालक ४८ तासांची अट पाळत नसतील असे समजून ती मुदत सात दिवस करण्यात आली. पण याच सुमारास कृषी खात्याने एक वेगळा प्रयोग केला. किरणोत्सारी कार्बन-१४ वापरून बनवलेले डीईएस जनावरांना दिले. आता रसायन शोधण्याऐवजी त्यातील अणूंच्या विघटनाची टिकटिक मोजायची होती. ही पद्धत उंदराच्या चाचणीपेक्षा कितीतरी पटींनी सूक्ष्म. सात दिवसांनंतरही यकृतात किरणोत्सार दिसला. जनावर तेच, मात्रा तीच, सात दिवसही तेच. साधन बदलले आणि कालचे शून्य आज शून्य राहिले नाही.

बंदी, न्यायालय, पुन्हा बंदी

प्रशासनाने १९७२ साली खाद्यातील डीईएसची आणि १९७३ साली कातडीखालच्या गोळ्यांची परवानगी काढून घेतली. उत्पादक न्यायालयात गेले. किरणोत्सारी पद्धत ही कायद्याला अभिप्रेत असलेली मान्यताप्राप्त पद्धत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. १९७४ साली न्यायालयाने, उत्पादकांना सुनावणी दिली नाही म्हणून, दोन्ही बंद्या रद्द केल्या. डीईएस पुन्हा गोठ्यांत आले. मग रीतसर सुनावणी, साक्षी आणि आकडेवारीचे ढीग झाले. अखेर १९७९ साली प्रशासनाचे प्रमुख डोनाल्ड केनेडी यांनी डीईएस कायमचे बंद केले. ते स्वतः जीवशास्त्रज्ञ होते. बंदीनंतरही वापर लगेच थांबला नाही. १९८० साली चार लाखांहून अधिक जनावरांना चोरून गोळ्या बसवल्याचे उघडकीस आले.

येथे एक प्रश्न विचारायलाच हवा. यकृतातील डीईएसने खरोखर कोणाला अपाय झाला असता का? थॉमस ज्यूक्स यांच्यासारखे शास्त्रज्ञ ठामपणे 'नाही' म्हणत. कोंबड्यांच्या खाद्यात प्रतिजैविक मिसळल्यास वाढ जोमाने होते, हे १९५० च्या सुमारास दाखवणाऱ्यांपैकी हेच ज्यूक्स. त्यांच्या बाजूचे गणित असे : गर्भवतींना डीईएसची मात्रा वाढवत वाढवत शेवटी दिवसाला १२५ मिलिग्रॅमपर्यंत नेत असत. शंभर ग्रॅम यकृतातून ०.२ मायक्रोग्रॅम मिळते असे धरले, तरी तेवढ्या मात्रेसाठी एका दिवसात सव्वासहा लाख वेळा शंभर ग्रॅम यकृत खावे लागेल. शिवाय आपल्या स्वतःच्या शरीरात नैसर्गिक इस्ट्रोजेन असतेच.

हे गणित बरोबर आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष पुरा पडत नाही. रोग एका माणसाला होतो, मांस मात्र वीस कोटी माणसे खात होती. अत्यल्प शक्यतेलाही एवढ्या मोठ्या संख्येने गुणले की उत्तर शून्य येईलच असे नाही. त्या खाणाऱ्यांत गर्भवतीही होत्या, आणि गर्भाला कोणत्या दिवशी किती मात्रा पुरते हे कोणालाच ठाऊक नव्हते. केनेडी यांच्या निर्णयाचा गाभा हाच होता, की सुरक्षित पातळी अमुक आहे असे कोणीही दाखवू शकलेले नाही. अपाय झाल्याचा पुरावा नव्हता आणि अपाय होत नसल्याचाही नव्हता. अशा वेळी पुरावा देण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर विज्ञानाबाहेरचे आहे. अमेरिकन कायद्याने ती पदार्थ विकणाऱ्यावर टाकली होती.

शून्याची जागा शक्यतेने घेतली

या अनुभवातून प्रशासनाने 'अंश नाही' या शब्दांना नवा अर्थ दिला. उपकरणे जितकी सुधारतील तितके शून्य मागे सरकत जाणार, हे उघड झाले होते. म्हणून आधी धोक्याची मर्यादा ठरवायची आणि तेवढे मोजू शकेल अशी पद्धत कंपनीकडून मागायची, असे ठरले. १९७३ च्या मसुद्यात जन्मभर खाणाऱ्या दहा कोटी माणसांत एक अशी मर्यादा होती; १९७७ साली ती दहा लाखांत एक अशी केली गेली. हा बदल साधा नाही. दहा लाखांत एक हा आकडा प्रयोगातून निघत नाही. आपण किती धोका पत्करायला तयार आहोत हे तो सांगतो.

डीईएस गेले, पण गव्हाणीतील त्याची जागा रिकामी राहिली नाही. १९७५ साली मोनेन्सिनला गोवंशीय जनावरांसाठी परवानगी मिळाली. ते कोटीपोटातील जिवाणूंचा समतोल बदलते; मिथेन कमी आणि जनावराला ऊर्जा देणारे प्रोपिऑनिक आम्ल अधिक तयार होते. २००३ साली रॅक्टोपामिन आले. युरोपने मात्र १९८० साली वासरांच्या मांसापासून बनवलेल्या बालआहारात डीईएस सापडल्यावर वेगळी वाट धरली. तेथे वाढीसाठी संप्रेरके देण्यावर बंदी आली आणि १९८९ पासून संप्रेरके दिलेल्या जनावरांचे मांस आयात करणेही थांबले. खाद्यातील वाढवर्धक प्रतिजैविके युरोपने २००६ पासून बंद केली. तीत मोनेन्सिनही गेले. अमेरिकेने माणसांच्या औषधोपचारात महत्त्वाच्या असलेल्या प्रतिजैविकांचा वाढीसाठीचा वापर २०१७ साली थांबवला, मोनेन्सिन तेथे चालू राहिले. रॅक्टोपामिनची मांसातील जागतिक मर्यादा ठरवायला २०१२ साली रोममध्ये देशांचे मतदान घ्यावे लागले. किलोमागे दहा मायक्रोग्रॅम ही मर्यादा ६९ विरुद्ध ६७ अशा दोन मतांनी मंजूर झाली. विरोध करणाऱ्या कित्येक देशांना शून्यच हवे होते. डेलानी कलमही अजून जिवंत आहे. त्याच आधारावर रेड क्रमांक ३ हा खाद्यरंग वगळण्याचा निर्णय अमेरिकेने २०२५ साली घेतला.

हा सारा वाद दूरदेशीचा वाटेल, पण असेच शून्य आपल्या दारातही येऊन गेले आहे. २०१० साली महाराष्ट्रातून युरोपला गेलेली द्राक्षे तेथे अडवली गेली. कारण होते क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदार ज्याला लिहोसीन म्हणून ओळखतात ते वेलीची वाढ रोखणारे द्रव्य. युरोपात द्राक्षांसाठी त्याची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. ज्या द्रव्याला एखाद्या पिकावर मान्यता नसते त्याची मर्यादा तेथे साधारणपणे उपकरण खात्रीने मोजू शकेल तितक्या खाली ठेवतात. म्हणजे तीही व्यवहारात शून्याचीच मर्यादा. बागायतदारांना तेव्हा मोठा फटका बसला.

वर्गात हा विषय घेताना एक सोपा प्रयोग करता येईल. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात एक ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट विरघळवा. त्यातील एक मिलिलिटर घेऊन नऊ मिलिलिटर पाण्यात मिसळा, त्यातील एक मिलिलिटर पुढच्या नळीत, असे सहा वेळा करा. रंग कोणत्या नळीत दिसेनासा झाला, ते विद्यार्थ्यांना लिहायला सांगा. मग नळीमागे पांढरा कागद धरा, नळीत वरून खाली पाहायला सांगा, आणि उत्तर बदलते का ते पाहा. शेवटच्या नळीत शंभर कोटी भागांत एक भाग परमँगनेट असेल. ते कोणालाच दिसणार नाही, पण त्या नळीतल्या प्रत्येक मिलिलिटरात परमँगनेटचे जवळपास चार लाख कोटी आयन असतील. विद्यार्थ्यांनी वहीत 'रंग नाही' असे न लिहिता 'डोळ्यांना रंग दिसला नाही' असे लिहावे, एवढा आग्रह शिक्षकांनी जरूर धरावा.